पट्टी न सोडता

“कोयता! मोकल, त्यांच्या पाठीला कोयता आहे, धरा त्यांना, आत येऊ देऊ नका!”

ओरडत होत्या आमच्या प्रयोगशाळेच्या प्रमुख वैद्य मॅडम. एरवी या बाई इतक्या हळू बोलायच्या की त्या शिंकल्या तरी आम्ही ‘काय म्हणालात?’ असं विचारायचो. त्या दिवशी मात्र त्यांचा आवाज उल्हास नदी ओलांडून पलीकडच्या भातखाचरांत गेला असावा. मी खुर्चीतून उठून हात पुढे करतो तोवर दारातून आत आलेल्या म्हाताऱ्याच्या कमरेमागचा कोयता आकडीतून आपणहून सुटला, हवेतून खोली ओलांडत गेला आणि आमच्या चुंबकाला खण्णकन चिकटला. मी ही गोष्ट सांगतो तेव्हा कोयता बारा फूट उडतो. मॅडमच्या मते तो जेमतेम हातभर सरकला, कारण म्हातारा तोवर चुंबकाशेजारीच पोचला होता. वाचकांनी मधलं काहीतरी धरावं.

त्या चुंबकाच्या तोंडात तेव्हा भाताचं एक जिवंत रोप होतं. तीन दिवस आम्ही त्याच्या एका काडीवर डोळे लावून बसलो होतो. कोयत्याच्या मुठीनं ती काडी मधोमध मोडली. तीन दिवसांचं काम एका खण्णमध्ये गेलं. पुढे तो कोयता काढायला चार माणसं, सुताराच्या लाकडी पाचरी आणि अर्धा दिवस लागला. हे चारही खरे आहेत, यात मी एकही वाढवलेला नाही.

म्हातारा कोयत्याकडे बघतसुद्धा नव्हता. त्यानं छातीशी एक काळी प्लास्टिकची पिशवी धरली होती. तिच्यात माती, मातीत वीतभर आंब्याचं रोप आणि रोपाच्या मध्यावर गुंडाळलेली पांढरी पट्टी.

“पट्टी न सोडता आतलं बगता येतं म्हनं तुमाला,” तो म्हणाला. “येवढं बगून द्या.”

हे धोंडू तात्या ठोंबरे, कोंडाण्याचे. यांच्याविषयी सांगायचं तर आधी मी काय काम करत होतो ते सांगायला हवं. माझ्या सख्ख्या मेव्हण्याला ते अजून कळलेलं नाही. तो लोकांना सांगतो, आमचे भावजी झाडांचे एक्स-रे काढायचे.

झाडाच्या खोडातून, काडीतून पाणी वर कसं चढतं, कुठे अडतं, किती वेगानं जातं, हे बघायचं आमचं काम. कर्जतच्या बाहेर, भाताच्या शेतांना लागून आमची प्रयोगशाळा होती. पूर्वी हे काम सरळ होतं. काडी कापायची, लाल रंगाच्या पाण्यात उभी करायची, तासाभरानं तिच्या चकत्या करायच्या आणि रंग कुठवर चढला ते भिंगाखाली बघायचं. मी हजारो काड्या अशा कापल्या. पण त्यात एक गोम होती. झाडात पाणी वरून ओढलं जातं, पानं ते ओढतात. आतला पाण्याचा धागा ताणलेल्या दोरीसारखा असतो. तुम्ही काडी कापली की तो धागा तुटतो, आत हवा शिरते. मग तुम्ही बघता ते कापलेल्या काडीचं, जिवंत काडीचं नाही. खुनाचा पंचनामा करून मयत माणूस हसायचा कसा, ते सांगण्यातला हा प्रकार.

मग माझ्या नोकरीच्या शेवटच्या नऊ वर्षांत ते यंत्र आलं. एक जडशीळ चुंबक, वजन भाताच्या दोन गोणींएवढं, तोंड उघडलेल्या सुसरीसारखं. त्याच्या जबड्यात अंगठ्याएवढी जाड काडी मावायची. काडीभोवती तांब्याच्या तारेचं वेटोळं घालायचं, दार लावायचं आणि गप्प बसायचं. ना कापणं, ना टोचणं. काडीतलं पाणी त्या चुंबकाला आपणहून जबाब द्यायचं. थांबलेलं पाणी एक जबाब देतं, वाहतं पाणी दुसरा. त्या जबाबांचं चित्र पडद्यावर यायला तास-दीड तास लागायचा. काळ्या पडद्यावर आधी एक ठिपका, मग दुसरा, मग ठिपक्यांचं वर्तुळ. प्रत्येक ठिपका म्हणजे त्या क्षणी वर निघालेलं पाणी, आणि आपल्याला कुणी बघितलं याचा काडीला पत्ताही नाही. आमच्या स्वयंपाकघरात कुणी मिक्सर लावला तर चित्रात पावसाच्या रेघा यायच्या, म्हणून तिथे नऊ वर्षं चटणी पाट्यावर वाटली गेली. चटणीला त्या काळात जी चव होती ती विज्ञानाची देणगी होती, असं मी अजून मानतो.

मॅडमनी मला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, “मोकल, यंत्र दाखवेल तेवढंच बोलायचं.” यंत्रापुरतं मी ते पाळलं. बाहेर मात्र पाळणं अवघड गेलं. मी टपरीवर एकदा सांगून बसलो की आपल्याकडे पाणी दिसणारं मशीन आलंय. आठवड्याभरात कशेळ्याहून एक गृहस्थ जीप घेऊन दारात हजर. त्यांना बोअर मारायची होती, जागा दाखवायला मोकलांनी मशीन घेऊन यावं. मी समजावलं की आमचं मशीन काडीतलं पाणी बघतं, जमिनीतलं नाही. ते म्हणाले, हरकत नाही, आमच्या शेतात काड्या भरपूर आहेत. शेवटी मॅडमनी मला बाहेर काहीही बोलायला बंदी केली. ती मी दोन दिवस पाळली.

माझं हे बोलणं कोंडाण्यापर्यंत पोचलं आणि त्यामुळे तात्या आले.

तात्या कलमं बांधायचे. भात स्वतःचा, पण हात कलमाचा. कर्जत-खालापूरच्या पट्ट्यात जुन्या बागांत जी आंब्याची झाडं आहेत त्यातली निम्मी तात्यांनी बांधली, असं ते म्हणायचे. माणूस माझ्याच जातकुळीचा, म्हणून मी पाव धरतो. त्यांचं काम असं : कोय रुजून तांबूस पानांचं रोप वर आलं की त्याचा शेंडा उडवायचा, बुंध्याला उभी चीर द्यायची, हव्या त्या आंब्याची काडी पाचरीसारखी तासून त्या चिरेत बसवायची आणि वर प्लास्टिकची पट्टी घट्ट गुंडाळायची. मग वाट बघायची. खालच्या रोपाचं पाणी वरच्या काडीत शिरलं तर कलम लागलं. नाही शिरलं तर काडी सुकते. मधल्या तीन-चार आठवड्यांत काय चाललंय ते पट्टीच्या आत असतं, आणि पट्टी सोडली की मरतं. चाळीस वर्षं तात्या बागाईतदारांना बजावत आले होते की पट्टीला हात लावाल तर हात तोडीन. खोपोलीच्या एका शेटला त्यांनी खरंच कोयता दाखवला होता म्हणतात. शेट नख लावून पट्टीची कड उचलत होता.

त्या वर्षी मात्र गोष्ट घरची होती. तात्यांच्या बायकोचं, पारूकाकींचं माहेर कुंभिवली. तिथे घरामागे एक रायवळ आंबा होता, त्याला शेपूआंबा म्हणायचे. पूर्ण पिकला की शेपूच्या भाजीचा वास यायचा. ज्यांना आवडायचा त्यांना वेड लावायचा, बाकीचे नाक दाबायचे. दुसरं तसं झाड त्या भागात कुणाला ठाऊक नव्हतं. काकींच्या भावांनी जागा गोदामाला दिली आणि ते पनवेलला राहायला गेले. झाड पाडल्याचा निरोप आला तेव्हा तात्या मिळेल त्या टेंपोत बसून गेले. झाड आडवं होतं, पानं अजून हिरवी होती. त्यांनी चोवीस काड्या काढल्या, ओल्या धडप्यात गुंडाळल्या आणि त्याच संध्याकाळी दारातल्या चोवीस रोपांवर बांधल्या.

काकी एवढंच म्हणाल्या, आता कुंभिवलीला जायाचं कारन नाय.

आणि इथे चाळीस वर्षांचा कलमवाला घसरला. त्याच्यानं राहवेना. आठव्या दिवशी त्यानं एक पट्टी सोडली, बघितलं, परत बांधली. ती काडी मेली. नवव्या दिवशी त्यानं दुसरी सोडली, कारण पहिली का मेली ते बघायचं होतं. मग रोज एक. काही आपणहून सुकल्या, काही पावसानं कुजल्या, पण बऱ्याचशा तात्यांनी बघून बघून मारल्या. हे त्यांनीच मला सांगितलं, आमच्या पायरीवर बसून, चुंबकाला चिकटलेल्या कोयत्याची वाट बघत. चोवीसातली ही शेवटची.

“हीबी घरी ऱ्हायली तर मी सोडनार,” ते म्हणाले. “माजा माज्यावर भरोसा नाय, मोकला.”

मॅडम मोडलेल्या रोपाकडे बघत होत्या. त्या नाही म्हणतील असं मला वाटलं. त्यांनी काळी पिशवी हातात घेतली, काडीची जाडी मापली आणि म्हणाल्या, बसते जबड्यात. आधी तो कोयता काढा.

दुसऱ्या दिवशी सकाळी उन्हं वर आल्यावर आम्ही माप घेतलं. पट्टीच्या खाली सुंदर चित्र आलं, ठिपक्यांचं भरगच्च कडं, रोप ठणठणीत. मग चुंबक पट्टीच्या वर सरकवला. दीड तास थांबलो. पडदा काळा. मॅडम म्हणाल्या, अजून जोड झालेली नसेल किंवा होणारच नसेल, आज सांगता येणार नाही. मी वहीत शून्य लिहिलं.

तात्या बाहेर पायरीवर होते. खिशात अर्धं ब्लेड, कागदात गुंडाळलेलं. ते मी बघितलं होतं. ‘सांगता येत नाही’ हे वाक्य या माणसाला सांगितलं तर तो काय करेल ते शेंबडं पोरही सांगू शकलं असतं.

“चढतंय,” मी म्हणालो. “हळू आहे, पण चढतंय. पट्टीला हात लावू नका. पुढच्या आठवड्यात घेऊन या.”

माझ्या आयुष्यात मी इतकं बोललो आहे, त्यातलं निम्मं खोटं आणि उरलेलं वाढवलेलं, पण एवढं छोटं खोटं कधी बोललो नव्हतो. आत गेलो तर मॅडम दारामागेच उभ्या. त्यांनी मला झापलं नाही. फक्त म्हणाल्या, “वहीत काय लिहिलंत?” मी वही दाखवली. शून्य बघून त्या आपल्या टेबलाशी गेल्या.

पुढच्या आठवड्यात तात्या आले. पट्टी शाबूत. काडी हिरवी होती, पण हिरवी काडी आतून मेलेलीही असते, हे ते आणि मी दोघंही जाणून होतो. माप घेतलं. खाली कडं, वर काळं. वहीत पुन्हा शून्य. बाहेर येऊन मी म्हणालो, मागच्यापेक्षा बरं चढतंय. या खेपेला मी हाताने दाखवलंही, एवढं-एवढं. तात्यांनी माझ्याकडे बराच वेळ बघितलं आणि पिशवी छातीशी धरून जीपकडे चालू लागले. जाताना म्हणाले, तिला सांगतो.

तो आठवडा मला वाईट गेला. मी टपरीवर जाणं सोडलं. कलम मेलं तर या माणसाला दोनदा फसवल्यासारखं होणार, आणि तिकडे कोंडाण्यात एक बाई माझ्या शब्दावर दारातल्या त्या काडीकडे बघत असणार. मॅडमना मी म्हणालो, यंत्र वाढवून बघता येत नाही का? त्या म्हणाल्या, यंत्र तुमच्यासारखं नाही.

तिसऱ्या खेपेला तात्या उशिरा आले, दुपार व्हायला आली होती. ऊन चांगलं होतं. मी चुंबक आधीच वरच्या काडीला लावला, खालचं बघत बसलो नाही. मॅडम माझ्या खांद्यामागे. तात्यांना आम्ही आत घेतलं होतं, कोयता बाहेर आंब्याच्या फांदीला, ब्लेडही काढून घेऊन बाहेर पायरीवर ठेवलेलं. तासभर काळा पडदा. मग डाव्या अंगाला, अगदी सालीलगत, काहीतरी उमटलं. मला वाटलं, मिक्सर. मी स्वयंपाकघरात पळत जाऊन बघून आलो. पाटाच चालू होता. परत आलो तर ठिपका तिथेच होता, मोहरीएवढा, आणि त्याच्या शेजारी दुसरा उगवत होता.

मॅडम म्हणाल्या, “वाहतंय.”

तात्यांनी विचारलं, हेच पानी? मी म्हणालो, हेच. या वेळी मला पुढे काही जोडायला सुचलं नाही. त्यांनी पडद्याच्या काचेवर त्या ठिपक्याखाली बोट टेकवलं आणि हळूच वर सरकवलं, लहान मुलाला जिना चढायला लावावं तसं.

“जा, बाबा,” ते म्हणाले. “जा वर.”

निवृत्त झाल्यापासून मला कशाची आठवण येत असेल तर त्या दुपारची. पगाराची नाही, खुर्चीची नाही. मी गेलो त्याच वर्षी यंत्रही दूरच्या एका मोठ्या प्रयोगशाळेत गेलं. लाकडी खोक्यात भरताना मी त्याच्या जबड्यावरून हात फिरवला तर खोकी उचलायला आलेले हमाल हसले. आता सकाळी अंगणातल्या तगरीशी उभा राहतो. ऊन चढतंय म्हणजे आत पाणी चढत असणार, सालीआड हजार धागे ताणलेले असणार, हे मला माहीत आहे. पण दिसत नाही. नऊ वर्षं आत बघायची सवय लागलेल्या माणसाला झाड म्हणजे बंद दार वाटतं. मी बुंध्याला कान लावतो. शेजारच्या वहिनी त्यांच्या मिस्टरांना खिडकीतून बोलावून दाखवतात.

मॅडमही बदलून गेल्या. सणाला फोन करतात, अजून तेवढ्याच हळू बोलतात, मी अर्धं ऐकतो आणि अर्धं बनवतो.

तात्यांचं कलम दारात लागलं. पाचव्या वर्षी, म्हणजे या मे महिन्यात, त्यांचा फोन आला. मोहर बराच आला होता, वाऱ्यानं आणि वांदरांनी सगळा नेला, एक आंबा टिकलाय. उतरवून आढीत घातलाय. मोकला, तू ये.

मी सकाळीच कोंडाण्याला पोचलो. माळ्याखाली कोपऱ्यात भाताच्या पेंढ्याची आढी होती, बाजारच्या रायवळ आंब्यांच्या मधोमध तो एक ठेवलेला. काकींनी आम्हा दोघांना बजावलं की मी सांगेपर्यंत पेंढ्याला हात लावायचा नाही, त्याचा वास अगदी शेवटी उतरतो. आणि त्या पाण्याला गेल्या.

आम्ही दोघं ओट्यावर बसलो. मी तेव्हा तात्यांना सांगून टाकलं की पहिल्या दोन खेपांना पाणी चढत नव्हतं, वहीत शून्य होतं, मी खोटं बोललो. तात्या म्हणाले, “म्हंजी पंधरा दिस मी तिला रोज खोटं सांगत व्हतो. ती रोज इचारायची, चढतंय का, नि मी म्हनायचो, चढतंय.”

मी म्हणालो, रागावलात का? ते म्हणाले, नाय. त्या पंधरा दिसांत ती जरा जेवली.

मग आम्ही दोघंही आत आढीकडे बघू लागलो. पेंढा जरा उबदार दिसत होता. आढीतून कसलाच वास येत नव्हता, निदान मला येत नव्हता. मी घड्याळ बघितलं. खाली कर्जतला जाणारी जीप दुपारी होती आणि त्यानंतरची कधी ते जीपवाल्यालाही माहीत नव्हतं. शिवाय मी पासष्टीला टेकलेलो. मी म्हणालो, नुसतं बघू.

हे मी म्हणालो. तात्या नाहीत. कापल्याशिवाय, टोचल्याशिवाय, उघडल्याशिवाय बघण्याचा ज्यानं नऊ वर्षं पगार घेतला, त्या माणसानं पेंढा उचलला. यात वाढवलेलं काही नाही, वाढवलं असतं तर मी तात्यांचं नाव घातलं असतं.

आंबा हाताएवढा होता. देठाशी पिवळा, टोकाकडे हिरवट. मी अंगठ्यानं दाबला, तात्यांनी दाबला, मग पुन्हा मी. आमच्या दोघांच्या अंगठ्यांनी तो एका बाजूला मऊ झाला आणि आता परत ठेवण्यात अर्थ उरला नाही असं आम्ही ठरवलं. तात्यांनी तो धुतला. पितळेच्या ताटलीत ठेवला. शाळेत छड्या खायला उभ्या राहिलेल्या मुलांसारखे आम्ही वाट बघत बसलो.

काकी हंडा घेऊन आल्या. ताटली बघितली, आढीकडे बघितलं, हंडा उतरवला. हात पुसून विळीवर बसल्या. पहिली फोड त्यांनी कापली, नाकाशी धरली, डोळे मिटले आणि खाल्ली. खाताना त्या दाराबाहेर बघत होत्या.

शेवटी मीच विचारलं, “काकी, तोच आहे ना?”

त्यांनी दुसरी फोड माझ्या हातावर ठेवली.

“आढीत अजून दोन दिस पायजे व्हता.”